आमवाताच्या पेशंटला टूडी इको कशाला?

प्रश्न ठाण्याहून एका मुलाने पाठवला आहे. त्याच्या आई देवगड तालुक्यात गावी राहतात, वय ५६. अकरा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, घरात सगळे आमवात म्हणतात तो. मेथोट्रेक्सेट (या आजाराचं मूळ औषध) कधी चालू, कधी बंद. दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी या खेपेला ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तातल्या चरबीची तपासणी लिहून दिली. कोलेस्टेरॉल १४८ आलं. आता नातेवाईक म्हणतात, छातीत कधी दुखलं नाही, कोलेस्टेरॉल उत्तम, दुखतात ते हाताचे सांधे. मग हृदयाच्या तपासण्या हव्यात कशाला? मुलाला विचारायचंय की खरंच काही संबंध आहे, की नातेवाईकांचंच बरोबर.

संबंध आहे, आणि तो लांबून जोडलेला नाही. अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक परिचारिकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यातून २००३ साली जे समोर आलं ते आम्हा डॉक्टरांना जागं करणारं होतं: दहा वर्षांहून अधिक काळ हा आजार असलेल्या बायकांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण इतर बायकांच्या तिप्पट होतं. सगळे पेशंट एकत्र धरले तर धोका साधारण दीडपट भरतो. म्हणूनच यूलार या युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सांगून ठेवलंय की नेहमीच्या तक्त्यावरून हृदयाचा धोका काढा आणि आमवात असेल तर आलेल्या आकड्याला दीडने गुणा. मेयो क्लिनिकच्या २००५ च्या अभ्यासात तर सांध्यांचं निदान होण्याच्या आधीच्या दोन वर्षांतही या लोकांना अटॅकसाठी जास्त वेळा भरती व्हावं लागलेलं दिसलं. बोटं सुजायच्या आधीपासून आत काहीतरी चालू असतं, असा त्याचा अर्थ.

काय चालू असतं? हा झिजेचा संधिवात नव्हे. शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, तिथे दाह (आतली सूज) पेटतो आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं तयार होतात. ती मनगटात थांबून राहत नाहीत. रक्तातून सगळीकडे फिरतात, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडवतात आणि तिथे चरबीचा थर धरायला मदत करतात. त्याहून वाईट म्हणजे धरलेला थर ती कच्चा करतात. अटॅक नेहमी मोठ्या थरामुळेच येतो असं नाही. जुना, उंच पण पक्का गडगा (दगडांची कुंपणभिंत) चार पावसाळे उभा राहतो, आणि आतून पोखरलेला कमरेएवढा गडगा एका सरीत ढासळतो. रक्तवाहिनीत तसंच होतं. दाहाने पोखरलेल्या थराचं वरचं आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद होते. पेशंटच्या अँजिओग्राफीत कधी कधी ‘फार ब्लॉकेज नव्हतं’ असं ऐकू येतं आणि तरीही अटॅक आलेला असतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

दाह हाच गुन्हेगार आहे याचा पक्का पुरावा २०१७ साली मिळाला. कँटॉस नावाच्या चाचणीत, आधी अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांमध्ये इंटरल्युकिन-१ अडवणारं इंजेक्शन वापरलं. कोलेस्टेरॉल जसंच्या तसं राहिलं, तरी पुढचे अटॅक कमी झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या चाचणीत मेथोट्रेक्सेट वापरलं, तर फायदा दिसला नाही. हे वाचून काहीजण विचारतात की मग आम्ही ते का खायचं? पण त्या चाचणीतल्या लोकांना आमवात नव्हताच, आणि त्यांच्यात या गोळीने दाहाचे आकडेही उतरले नव्हते. आमवाताच्या पेशंटमध्ये मेथोट्रेक्सेट नीट घेणाऱ्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी आढळलं आहे, हे २००२ पासून माहीत आहे.

आता नातेवाईकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो अगदीच चुकीचा नाही. सर्वसाधारण माणसाचं छातीत दुखत नसेल, कोलेस्टेरॉल कमी असेल आणि चालताना दम लागत नसेल, तर आम्हीही त्याला चार दिलाशाचे शब्द सांगून घरी पाठवतो. अडचण अशी की या आजारात धोक्याची सूचना देणाऱ्या याच तिन्ही गोष्टी गप्प बसतात.

कोलेस्टेरॉलचं आधी बघू. आजार जोरात असताना यकृत दाहाच्या कामाला जुंपलेलं असतं आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली येतं. वाईट म्हणतात ते एलडीएल कमी, एकूण कोलेस्टेरॉल कमी, आणि त्यासोबत चांगलं म्हणतात ते एचडीएलही कमी. म्हणजे १४८ हा आकडा आईंची तब्येत उत्तम असल्याचा दाखला असेलच असं नाही. मेथोट्रेक्सेट बंद-चालू असताना काढलेला असेल तर आजार पेटलेला असल्याचीही ती खूण असू शकते. त्याच दिवशीचा ईएसआर किंवा सीआरपी (रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासण्या) शेजारी ठेवून बघा. खरा हिशेब करायचा तर सांधे शांत झाल्यावर, औषधं स्थिर असताना ही तपासणी पुन्हा करावी लागते. तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की घरचे म्हणतात, ‘बघा, औषधाने चरबी वाढली.’ आमवाताच्याच काही औषधांनी, विशेषतः टोसिलिझुमॅब आणि टोफासिटिनिबने, आकडा वर जातो हे खरं आहे. पण त्यातला बराचसा भाग दाहाने दाबून ठेवलेलं कोलेस्टेरॉल मूळ जागी येण्याचा असतो. त्यासाठी औषध बंद करू नका. गरज असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करतात आणि ते या पेशंटमध्ये व्यवस्थित काम करतं.

दुसरी गोष्ट छातीतलं दुखणं. अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचं, दुखणं डाव्या खांद्यात, हातात, जबड्यात, मानेत जातं हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण ज्या बाईचा खांदा अकरा वर्षं दुखतोय, जिच्या जबड्याच्या सांध्यालाही आमवाताने धरलंय, ती या दुखण्याचा हिशेब कुठे लावणार? ‘छातीत काय नाय डॉक्टरांनू, खांदो तेवढो भरान येता,’ असं सांगणाऱ्या बायका ओपीडीत नेहमी भेटतात. त्यात वेदनाशामक गोळी रोज पोटात असेल तर उरलासुरला इशाराही बोथट होतो. कळ न येता होऊन गेलेले अटॅक या आजारात जास्त सापडतात, ते कधीतरी नंतर काढलेल्या ईसीजीत दिसतात.

मी पेशंटला एक साधा फरक विचारतो. हात वर केला, केस विंचरले, कळशी उचलली की दुखतं, तर बहुतेक सांधा. हात नुसता लोंबता असताना, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना किंवा विहिरीवरून वर येताना खांदा भरून येतो, थांबलं की पाच मिनिटांत उतरतो आणि पुन्हा चढायला लागलं की पुन्हा येतो, तर तो सांधा नव्हे असं धरून चालायचं. सोबत घाम, मळमळ, अचानक थकवा असेल तर मग चर्चा करत बसू नये. ही कसोटी शंभर टक्के नाही, पण घरी कुणालाही करता येते.

तिसरी गोष्ट दम. दम लागायला माणूस आधी चालावा लागतो. गुडघे आणि पावलं सुजलेली बाई हळूहळू बाजाराला जायचं सोडते, मग देवळात जायचं सोडते, शेवटी मागच्या पडवीपासून चुलीपर्यंत एवढंच तिचं फिरणं उरतं. दम लागत नाही, कारण दम लागेल असं काही ती करतच नाही. आणि लागला तरी ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात. रक्त कमी असतंच बऱ्याच जणींचं. पायाची सूजही अशीच फसवते. घोट्याच्या सांध्याची सूज गरम आणि दुखरी असते. दोन्ही पायांवर, बोटाने दाबल्यावर खळगा राहणारी, संध्याकाळी वाढणारी सूज दिसली तर हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही बघायला हवीत. या आजारात हार्ट फेल्युअरचं (हृदय कमी पडण्याचं) प्रमाण साधारण दुप्पट आहे, आणि बऱ्याचदा हृदयाचं पंपिंग चांगलं असूनही स्नायू कडक झाल्यामुळे ते नीट भरत नाही. म्हणून इकोच्या रिपोर्टात नुसतं ‘ईएफ ६०’ (पंपिंगचा आकडा) वाचून खूश होऊ नका. खाली डायस्टोलिक फंक्शनबद्दल, म्हणजे हृदय सैल होऊन कसं भरतं याबद्दल, काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा.

टूडी इको लिहून देण्यामागे आणखीही एक कारण असतं. आमवात हृदयाभोवतीच्या आवरणालाही धरतो, तिथे थोडं पाणी साठतं. शोधलं तर बऱ्याच पेशंटमध्ये सापडतं, त्रास मात्र थोड्यांनाच होतो. क्वचित झडपांवर गाठी येतात, ठोक्यांची लय बिघडते. हे सगळं एका साध्या, न दुखणाऱ्या तपासणीत कळतं.

बाकीच्या दाहक संधिवातांबद्दल थोडक्यात, कारण प्रश्न त्यांचा नाही. तरुण मुलांची कंबर सकाळी ताठ करणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस महाधमनीच्या झडपेला गळती लावू शकतो आणि हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा आणू शकतो. अशा मुलाला चक्कर येत असेल, नाडी फार हळू चालत असेल तर ईसीजी काढायलाच हवा. सोरायसिसच्या संधिवातात वजन, साखर, बीपी हे सगळं लटांबर सोबत येतं. गाऊटवाल्यांचंही हृदय धोक्यात असतं. त्यांना ‘युरिक अ‍ॅसिड वाढलंय, डाळ बंद करा’ एवढंच सांगून पाठवतात याची मला नेहमी चीड येते.

एक गल्लत मात्र आपल्याकडे फार होते. लहानपणी घसा येऊन सांधे सुजतात, आज गुडघा, उद्या घोटा, आणि पुढे हृदयाची झडप खराब होते, तो रूमॅटिक फिव्हर. तो वेगळा आजार, जंतुसंसर्गातून सुरू होणारा, आणि त्यात दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. आईंना ते इंजेक्शन नको आहे. कुणी शेजाऱ्याच्या मुलाचं उदाहरण देऊन सुचवलं तर ऐकू नका.

औषधांवर जरा रेंगाळणार आहे, कारण खरा घोळ तिथे आहे. २००४ च्या सप्टेंबरमध्ये रोफेकॉक्सिब नावाची गाजलेली वेदनाशामक गोळी कंपनीने जगभरातून मागे घेतली, कारण तिने अटॅक वाढत होते. तेव्हापासून या गटातल्या सगळ्याच गोळ्यांकडे संशयाने बघितलं जातं, आणि आपल्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त खपणारं डायक्लोफेनॅक त्या यादीत वरच्या बाजूला आहे. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ साली सांगितलं की ज्यांना हृदयविकार आहे त्यांना ते देऊच नये. (हे औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली म्हणून जनावरांसाठी हे औषध आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं. माणसांना ते अजून चिठ्ठीशिवाय पट्टीवर मिळतं.) याच गटातलं एटोरिकॉक्सिब बीपी वाढवतं. शिवाय या सगळ्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी व लघवी होण्याची गोळी चालू असेल तर तिघी मिळून मूत्रपिंडाला दणका देतात. कधीतरी चार दिवस घेणं आणि वर्षभर रोज घेणं यात फरक आहे. आईंची गोळी एकदम हिसकावून घेऊ नका, त्यांचे हाल होतील. मूळ आजाराचं औषध नियमित झालं की सहा ते बारा आठवड्यांत डायक्लोफेनॅकची गरज आपोआप उतरते. ती उतरत नसेल तर औषध पुरं पडत नाही, आणि ते वाढवायला हवं.

स्टिरॉइडचंही तसंच. सुरुवातीला काही आठवडे ते फार उपयोगी, पण प्रेडनिसोलोन वर्षानुवर्षं चालू राहिलं की साखर, बीपी, वजन आणि हृदयाचा धोका सगळं वाढतं. डोस कमीत कमी, मुदत कमीत कमी. आणि गावोगाव मिळणाऱ्या वाताच्या पुड्या! ज्या पुडीने दोन दिवसांत पेशंट उठून नाचायला लागतो, तिच्यात बहुधा स्टिरॉइडच मिसळलेलं असतं. चेहरा गोल झालाय, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात असं दिसलं तर आईंना प्रेमाने विचारा. ओरडलात तर त्या सांगणार नाहीत. मात्र अशी पुडी किंवा स्टिरॉइडची गोळी दीर्घकाळ चालू असेल तर एका दिवसात तोडायची नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. भातलावणीच्या दिवसांत, गणपतीत, कुणाच्या लग्नात ते सुटतं आणि मग आजार पुन्हा डोकं काढतो. आमवाताचं दुसरं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, त्याबद्दल कोव्हिडच्या काळात बरीच भीती पसरली. नेहमीच्या डोसमध्ये, डोळ्यांची तपासणी सांभाळून, ते चरबी आणि साखरेच्या बाबतीत हृदयाच्या बाजूचंच आहे. ठोक्यांवर परिणाम करणारी इतर औषधं सोबत असतील तर तेवढा ईसीजी बघावा. पुढे कधी कुणी टोफासिटिनिब सुचवलं, आणि जेनेरिक स्वस्त झाल्यापासून ते पटकन सुचवलं जातं, तर एक प्रश्न जरूर विचारा. पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयाचा किमान एक धोका असलेल्या लोकांमध्ये या गोळीने टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा जास्त हृदयविकार आणि कर्करोग दिसले, म्हणून अमेरिकेत २०२१ मध्ये तिच्यावर कडक इशारा छापला गेला. आई ५६ वर्षांच्या आहेत, तेव्हा त्या आधी त्या गटात बसतात का हे बघायला हवं. उलट हार्ट फेल्युअर बळावलेलं असेल तर ती टीएनएफवाली इंजेक्शनं टाळतात. इकोचा उपयोग इथेही होतो.

तपासण्या खरं तर फार नाहीत. दर भेटीला बीपी, वर्षातून एकदा साखर, आजार शांत असताना चरबीची तपासणी, एक ईसीजी आणि आता लिहून दिलेला इको. ट्रेडमिल टेस्ट (यंत्राच्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) कुणी सांगितली तर आईंचे गुडघे आणि पावलं बघून सांगा. दोन मिनिटांत पाय दुखला म्हणून थांबवलेल्या टेस्टवरून काहीच कळत नाही, आणि रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. अशांसाठी औषध देऊन केलेला स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओग्राफी असते, तीही लक्षणं किंवा धोका तसा असेल तरच. सरसकट अँजिओग्राफीला माझा विरोध आहे. नातेवाईकांच्या संशयाला जागा आहे ती तिथे.

खाण्यापिण्याचं लोक फार विचारतात, सांगण्यासारखं थोडंच आहे. बांगडा, तारली, पेडवे जरूर खावेत, तळण्यापेक्षा तिखलं बरं. मासे खाल्ल्याने आमवात वाढतो याला आधार नाही. पण जून-जुलैत मासेमारी बंद असताना ताटात खारवलेला बांगडा आणि लोणचं वाढतं, आणि बीपी नेमकं तेव्हाच चढतं. आणि मशेरी. घरचे छातीठोकपणे सांगतात की बाई तंबाखूला शिवत नाही. मशेरी त्यांच्या हिशेबात तंबाखू नसतेच. ती सुटली तर वरच्या निम्म्या तपासण्यांइतका फायदा आहे, असं माझं मत.

राहिला प्रश्न वेळ आलीच तर काय करायचं याचा. देवगडहून अँजिओप्लास्टीसाठी बहुतेकदा करूळ किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठतात, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी. पावसात घाटात दरड आली की गाडी तिथेच उभी. म्हणून खांदा किंवा छाती भरून आली, घाम फुटला, तर पहिल्यांदा घाट नव्हे, जिथे ईसीजी निघतो असं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथे देता येतं, ते पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत प्रभावी ठरतं, आणि पुढचा प्रवास त्यानंतर करता येतो. तिथल्या डॉक्टरांना दोन गोष्टी त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा: आमवात अकरा वर्षांचा आहे, आणि स्टिरॉइड चालू आहे का किंवा अलीकडेपर्यंत होतं का. दुसरी गोष्ट कळली नाही तर आजारपणाच्या ताणात बीपी कोसळतं आणि कारण सापडत नाही. औषधांची यादी, पुडीसकट, कागदावर लिहून आईंच्या पिशवीत आणि शेजारच्या घरी ठेवून द्या. तुम्ही ठाण्यात असाल, फोन लागेलच असं नाही.